बंदरातलं तपकिरी छप्पर

एक

नोटीस आली तेव्हा वकीलबाईंचं मौन चालू होतं. रोज सकाळी देवापुढचा दिवा आपणहून शांत होईपर्यंत त्या एक शब्द बोलत नसत, आणि हा नियम त्यांनी कोर्टाच्या तारखेलाही मोडला नव्हता. म्हणून धाकटी नणंद तरातरा आत आली आणि हातातले कागद टेबलावर टाकून म्हणाली, "वहिनी, मला चोर ठरवलंय," तेव्हा बाईंनी आधी तिच्या पायांतल्या चपलांकडे बोट दाखवलं आणि मग खुर्ची पुढे ओढली.

"काढते, काढते. आजच्या दिवस जरा कमी तेल घातलं असतं तर काय बिघडलं असतं?"

बाई कागद वाचू लागल्या. नणंद समोर बसून बोलत राहिली.

ती लाकडी खेळण्यांच्या कारखान्यात बाहुल्यांचे चेहरे रंगवायची. घरी आल्यावर मात्र तिचं दुसरंच काम सुरू व्हायचं. 'नावाडी' नावाचा एक जुना व्हिडिओ गेम होता. नावाड्यानं लोकांना या तीरावरून त्या तीरावर न्यायचं आणि वाटेत त्यांच्या गोष्टी ऐकायच्या, एवढाच खेळ. तो बनवणारे केव्हाच दुकान बंद करून गेले. मालकी हक्क या हातातून त्या हातात विकला जात शेवटी एका बड्या कंपनीकडे पोचला. ती कंपनी गेम विकत नव्हती, दुरुस्त करत नव्हती आणि दुसऱ्या कुणाला हात लावू देत नव्हती. नव्या कॉम्प्युटरवर तो चालत नव्हता, जुन्या डिस्का एकेक करून खराब होत होत्या. ज्यांचा त्यावर जीव होता अशा चार लोकांनी मग तो नव्यानं बांधायला घेतला. पदरचा वेळ घालून, एकेक भाग करत, आणि वाटायचा तो फुकट.

"मूळ चित्रं वापरली तर गुन्हा. म्हणून आमची दोन खोल्यांची रीत," नणंद म्हणाली. "पहिल्या खोलीतला माणूस मूळ गेम बघतो आणि दिसेल ते शब्दांत लिहितो. दुसऱ्या खोलीत मी. मी मूळ गेम कधी पाहायचाच नाही, नुसतं वर्णन वाचून चित्र काढायचं. वहिनी, दादा त्या गेमबद्दल बोलायला लागला की मी उठून गॅलरीत जाते. तुम्ही बघितलंय."

बाईंनी मान डोलावली. त्यांनी खरंच पाहिलं होतं. आधी त्यांना हसू आलं होतं, मग आलं नव्हतं. पाळणाऱ्याला नियम ओळखू येतो.

नोटिशीत म्हटलं होतं की 'नावाडी'च्या तिसऱ्या भागातली बंदराची चित्रं म्हणजे कंपनीच्या मूळ चित्रांची हुबेहूब नक्कल आहे. पुरावा म्हणून ती 'मूळ चित्रं' छापून जोडली होती. जुनाट, दाणेदार, धुरकट. बंदर, धक्का, तपकिरी छपराचं घर, छपरावर एका पायावर उभा बगळा. प्रत्येक चित्राच्या उजव्या कडेला केसाएवढी एक उभी रेघ होती. नोटिशीखाली शपथपत्र. नोटीस पोचताच 'नावाडी'ची अख्खी वेबसाइट बंद झाली होती, पहिल्या दोन भागांसकट. शुक्रवारपर्यंत चित्रकारानं चोरी कबूल केल्याचं लिहून द्यावं, नाहीतर सगळ्यांवर खटला.

"तो बगळा माझा आहे," नणंद म्हणाली. "वर्णनात नुसतं 'पक्षी' होतं. कारखान्यामागच्या डबक्यात एक लंगडा बगळा येतो, तो मी बसवला. माझा बगळा त्यांच्या जुन्या गेममध्ये कसा जाईल? पण हे सांगितलं तर कोण ऐकणार? म्हणतील, बघून काढलास."

देवघरातली ज्योत एकदा उंच झाली आणि विझली. बाईंनी चष्मा काढला.

"तिसरा भाग लोकांपर्यंत पोचलाय?"

"नाही ना. पुढच्या आठवड्यात देणार होतो."

"मग कंपनीनं तो बघितला कुठे?"

दोन

पहिल्या खोलीतला माणूस म्हणजे टेलरमास्तर. त्यांना सगळे 'डोळे' म्हणत, कारण ते सगळ्यांच्या वतीनं बघत. पहिल्या दोन भागांचं वर्णन त्यांच्या मेव्हण्यानं केलं होतं. तो गाव सोडून गेल्यावर हे काम मास्तरांनी अंगावर घेतलं. त्यांच्या दुकानात फक्त काळे कोट आणि पांढरे सदरे शिवले जात. वकीलबाईंचा कोर्टाचा कोटही तिथलाच.

"लग्नाचं काही शिवत नाही का हो तुम्ही?" बाईंनी सहज विचारलं.

"नाही बुवा. काळं-पांढरं बरं. भांडण नाही." मास्तरांनी रफूसाठी ठेवलेल्या रंगीत दोऱ्यांच्या रिळांचा खण सरकवून बाईंसाठी जागा केली. प्रत्येक रिळावर बारीक अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली होती. "ही बायकोची कृपा. सगळ्यावर चिठ्ठ्या लावते. एक दिवस माझ्या कपाळावरही लावेल."

बाईंनी त्यांच्यापुढे चित्रं ठेवली. मास्तरांनी ती उजेडात धरली.

"तंतोतंत आहे. हा धक्का, हे घर, हे छप्पर. पक्ष्याचं आता आठवत नाही. पोरीनं फार छान काढलंय."

"ही पोरीची नाहीत. कंपनी म्हणते मूळ गेममधली आहेत."

मास्तरांचा चेहरा पडला. "म्हणजे मीच तिला फसवलं की काय? इतकं नेमकं वर्णन केलं की नक्कलच झाली?"

"मूळ गेम लावून दाखवता?"

"लागत नाही आता. पाहणी संपली आणि माझं जुनं मशीनही संपलं. डिस्क तर आधीच चाळणी झालेली. शेवटचं ते मीच बघितलं असेल, बहुतेक." त्यांनी फळीवरच्या एका जुन्या पुठ्ठ्याच्या खोक्याकडे हात केला. खोक्यावर नाव होतं, 'नावाडी', आणि मागच्या बाजूला टपाल तिकिटाएवढी चार-पाच चित्रं. "हे खोकं तेवढं राहिलंय. रोज पुसतो."

निघताना बाईंनी विचारलं, "तुम्ही तिला चुकून कधी मूळ गेम दाखवलात?"

मास्तरांनी हातातली कात्री खाली ठेवली. "वकीलबाई, ती दुकानात आली की मी खोक्यावर कापड टाकायचो. तीच आठवण करायची."

तीन

वेबसाइटचे सगळे पासवर्ड ज्याच्याकडे होते, तो चावीवाला. कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान, भिंतीभर उघडी पडलेली यंत्रं आणि मधोमध तो, अंगावर घामेजलेला शर्ट. त्यानं बाईंना बसायला स्टूल दिलं आणि स्वतः उभाच राहिला.

"तुमच्या नणंदेबद्दल मला आदर आहे, ताई. पण माणसाकडून होतं. लहानपणी तुमच्या घरीच हा गेम होता, तुमचे साहेब खेळायचे. तिनं मागून कधीतरी बघितलं असेल आणि डोक्यात राहिलं असेल. मुद्दाम केलं असं मी म्हणतच नाही."

"तेव्हा ती पाळण्यात होती."

"मग मास्तरांनी दाखवलं असेल. म्हातारा माणूस, हौशी." त्यानं आवाज खाली आणला. "हे बघा, तिनं एकटीनं सही केली तर पहिले दोन भाग वाचतील. माझं कंपनीशी बोलणं झालंय. एकाच्या सहीनं सगळ्यांची सुटका."

"एकाच्या की एकीच्या?" बाई म्हणाल्या.

तो टेबलावर सांडलेले स्क्रू गोळा करू लागला.

"बरं, माझ्या वकीलपत्राची एक प्रत काढून द्या."

त्यानं कागद स्कॅनरवर ठेवला, झाकण दाबलं. प्रिंटरमधून प्रत आली ती बाईंनी हातात घेतली आणि क्षणभर तशीच धरून ठेवली. उजव्या कडेला केसाएवढी एक उभी रेघ उमटली होती.

"काचेला चरा गेलाय," चावीवाला ओशाळून म्हणाला. "बदलायची राहूनच जाते. चित्रांचा काही प्रश्न येत नाही. तिचा कागद मी इथं स्कॅन करतो, रेघ पुसतो आणि मगच आमच्या साठ्यात टाकतो. मास्तरसुद्धा पुसलेलंच बघतात."

बाईंनी प्रतीची घडी घालून पर्समध्ये ठेवली. दुकानाबाहेर पडल्यावर त्यांनी ती पुन्हा काढून नोटिशीतल्या चित्राशी ताडून बघितली. रेघ तीच होती.

कुणी दिलं ते कळलं होतं. पण त्यानं नणंदेवरचा डाग जात नव्हता. रेघ दाखवली तर कंपनी सरळ म्हणणार होती, बरं, प्रत चुकून तुमची जोडली गेली; पण मूळ चित्र असंच आहे, आणि तुमच्या बाईनं ते बघून काढलंय. मूळ चित्र असं नाही, हे सांगायला मूळ चित्र हवं होतं. आणि ते तर जगात कुठे लागत नव्हतं.

चार

संध्याकाळी नवरा चहाचा कप घेऊन टेबलापाशी आला आणि पसरलेल्या चित्रांकडे बघत उभा राहिला. दाराशी नणंद होती. त्याला बघताच ती सवयीनं गॅलरीकडे वळली.

"बस गं आता," तो म्हणाला. "चोर तर ठरवलंच आहे, आता नियम कसला पाळतेस?"

"मी नियम त्यांच्यासाठी पाळत नव्हते," नणंद म्हणाली आणि गेली. गॅलरीचं दार लागलं.

त्यानं कप दुसऱ्या हातात घेतला. मग एक चित्र उचलून म्हणाला, "हे मूळ गेममधलं म्हणतात?"

"शपथेवर."

"मग ह्यांनी छप्पर तपकिरी केव्हा केलं? हिरवं होतं. अगं, धुकं पडलं की काही दिसायचं नाही, तेव्हा हिरवं छप्पर शोधायचं आणि तिथं नाव लावायची. आम्ही सगळी पोरं ओरडायचो, हिरवं दिसलं का, हिरवं दिसलं का. तपकिरी छप्पर धुक्यात कुणाला दिसणार आहे?"

बाईंनी त्याच्या हातातला कप काढून घेतला आणि टेबलावर ठेवला.

"नक्की?"

"माझं लग्न झालंय याबद्दल मला एक वेळ शंका येईल."

"ती काढू आपण नंतर," बाई म्हणाल्या आणि चपला घालू लागल्या.

पाच

मास्तर दुकानाचं शटर ओढतच होते. बाईंनी काही न बोलता फळीवरचं खोकं उतरवलं, मागची बाजू दिव्याखाली धरली. टपाल तिकिटाएवढ्या चित्रांत एक बंदर होतं, धुकं होतं आणि धुक्यातून वर आलेलं छोटंसं छप्पर होतं. कैरीसारखं हिरवंगार.

"मास्तर, हे छप्पर कोणत्या रंगाचं आहे?"

"तपकिरी. कौलाचं."

"आणि कंपनीच्या चित्रातलं?"

"तेही तेच. का हो?"

बाईंनी खणातली एक हिरवं आणि एक तपकिरी अशी दोन रिळं काढली, चिठ्ठ्या अंगठ्याखाली झाकल्या आणि समोर धरली. मास्तरांनी एकदा रिळांकडे, एकदा बाईंकडे बघितलं. मग ते हळूच शिलाई मशीनच्या स्टुलावर बसले.

"बायकोशिवाय कुणाला माहीत नाही," ते म्हणाले. "हिरवं आणि तपकिरी मला सारखंच दिसतं. पहिल्यापासून. शिकाऊ असताना एका गिऱ्हाइकाच्या कोटाला भलताच दोरा लावला होता, तेव्हापासून काळं-पांढरं धरलं. कौलं तपकिरी असतात, म्हणून लिहिलं. तपासतानाही दोन्ही सारखीच दिसली." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "ह्यांनी मला डोळे म्हटलं आणि मला सांगवेना. माझ्यामुळे पोरगी अडकली."

"नाही मास्तर," बाई म्हणाल्या. "तुमच्यामुळे सुटली."

सहा

शुक्रवारी कंपनीच्या ऑफिसात सगळे जमले. काचेच्या भिंतींची खोली, लांबलचक टेबल, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली. कंपनीचे साहेब तरुण आणि हसतमुख होते. त्यांनी कबुलीचा कागद आणि पेन नणंदेपुढे सरकवलं. चावीवाला तिच्या शेजारी बसून टेबलाच्या कडेवर बोट घासत होता. मास्तर स्वतः शिवलेला काळा कोट घालून आले होते. मांडीवर कापडात गुंडाळलेलं खोकं.

"आम्हाला कुणाला त्रास द्यायचा नाही," साहेब म्हणाले. "पण हौस म्हणून दुसऱ्याची मालमत्ता वाटत सुटायची, हे चालणार नाही."

वकीलबाईंचा आवाज रागानं चढत नसे, उतरत असे. कोर्टात त्यांना ओळखणारे लोक त्या हळू बोलू लागल्या की कागद आवरायला घेत. साहेबांना हे माहीत नव्हतं.

"साहेब, ही जोडलेली चित्रं तुमच्याकडच्या मूळ गेममधून काढलीत?"

"शपथपत्रात तसंच आहे."

"मग या छपराचा रंग?"

साहेबांनी चित्राकडे बघितलं. "तपकिरी. दिसतंच आहे की."

"मास्तर, ते खोकं द्या. धाकटे, तू डोळे मीट."

नणंदेनं डोळे मिटले. खोलीत कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. बाईंनी खोकं साहेबांपुढे उलटं ठेवलं.

"हे मूळ बनवणाऱ्यांनी विकलेलं खोकं आहे. छप्पर हिरवं. गेममध्येही ते हिरवंच होतं, धुक्यात दिसावं म्हणून. लहानपणी खेळलेले कितीतरी लोक सांगतील, माझे यजमान तर बोलावण्याचीच वाट बघतायत. तपकिरी छप्पर एकाच ठिकाणी आहे. मास्तरांना हिरवा आणि तपकिरी हे रंग वेगळे दिसत नाहीत. त्यांनी तपकिरी लिहिलं, माझ्या नणंदेनं तपकिरी रंगवलं. तिनं मूळ चित्र बघितलं असतं तर हिरवं रंगवलं असतं. तिनं न बघता काढलं याचा याहून मोठा पुरावा मला मागूनही मिळाला नसता. आणि तीच चूक तुमच्या मूळ चित्रात आली आहे."

साहेबांचं हसू जागच्या जागी राहिलं, पण त्यातला माणूस निघून गेला होता.

"म्हणजे ही चित्रं तुमची नाहीत. हिची आहेत. तुम्ही ती दाणेदार केलीत, धुरकट केलीत आणि शपथेवर सांगितलंत की ही आमची जुनी. का, ते सांगू? तुमच्याकडे 'नावाडी'ची एकही चालती प्रत नाही. ज्या गोष्टीचे तुम्ही मालक आहात, ती तुम्ही सांभाळलीच नाही. ती सांभाळली यांनी. कुणी रोजचं दुकान बंद केल्यावर, कुणी कारखान्यातून आल्यावर. आणि ज्यांच्याकडून तुम्हाला ती बघायला मिळाली, त्यांनाच तुम्ही चोर म्हणता."

"हे बघा, चित्रांत साम्य आहेच, तो मुद्दा वेगळा..."

"त्या मुद्द्यावर स्वतंत्र दावा लावा, मी उत्तर देईन. आज मी शपथेवरच्या खोट्याबद्दल बोलते आहे." आवाज आता इतका खाली गेला होता की सगळे पुढे झुकले होते. "राहिला प्रश्न, चित्रं इथवर आली कशी. प्रत्येक चित्राच्या कडेला एक रेघ आहे. साठ्यातून कुणी चोरली असती तर रेघ नसती, कारण साठ्यात जाण्याआधी ती पुसली जाते. पुसण्याआधीचं चित्र एकाच यंत्रात असतं." त्यांनी वकीलपत्राची प्रत चित्रांशेजारी ठेवली. दोन्ही रेघा एका ओळीत आल्या.

नणंदेचे डोळे अजून मिटलेलेच होते. "कुणाचं यंत्र, वहिनी?" तिनं विचारलं.

"तो बाजूलाच बसलाय. त्यालाच सांगू दे."

टेबलाच्या कडेवर घासणारं बोट थांबलं. मग चावीवाला म्हणाला, "अधिकृत आवृत्ती काढणार म्हणाले होते. सगळ्यांची नावं घालणार, रीतसर. इतकी वर्षं आपण लपतछपत करतोय, कुणी विचारलं काय करतोस तर सांगता येत नाही. म्हणाले, नमुना दाखवा. मी दाखवला." त्यानं पाण्याची बाटली जवळ ओढली, पण उघडली नाही. "नोटीस आली तेव्हा कळलं नमुन्याचं काय केलं ते. बोललो असतो तर माझं नाव आलं असतं."

"म्हणून माझं दिलंस," नणंद म्हणाली.

तिनं डोळे उघडले नाहीत. त्याच्याकडे बघायचं नाही म्हणून की खोकं समोर होतं म्हणून, हे बाईंना ठरवता आलं नाही. चावीवाल्यानं मात्र मान खाली घातली ती वर केली नाही.

सात

नोटीस मागे घेतली गेली. कंपनीचं दोन ओळींचं पत्र आलं: गैरसमजातून झालं, आणि आमचे सर्व हक्क अबाधित आहेत. माफीचा शब्द नव्हता. हे वाचून बाई दिवसभर धुमसत होत्या. अबाधित हक्क. घराला कुलूप लावायचं, आत पाणी गळू द्यायचं, आणि बाहेरून कुणी छप्पर शाकारायला आलं की पोलिस बोलवायचे, असा हक्क. कायदा त्यांनी आयुष्यभर पोटापाण्यासाठी आणि श्रद्धेनंही वापरला होता. त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा त्याची लाज वाटली.

चावीवाल्यानं सगळे पासवर्ड मास्तरांकडे सोपवले. मास्तरांनी ते बायकोला दिले. तिनं चिठ्ठ्या लावून ठेवले. वेबसाइट पुन्हा उघडली आणि तिसऱ्या भागाचा दिवस ठरला.

आदल्या दिवशी मास्तर नणंदेच्या खोलीच्या दारात उभे राहिले. ती बंदराच्या चित्रावर शेवटचा हात फिरवत होती. शेजारी वकीलबाई बसल्या होत्या.

"पोरी, माझी चूक आहे," मास्तर म्हणाले. "छप्पर हिरवं कर. मूळ तसं होतं. लोकांना आठवतं."

नणंदेनं वहिनीकडे बघितलं. बाई काही बोलल्या नाहीत, आणि आज त्यांचं मौनही नव्हतं.

तिनं ब्रश पाण्यात बुडवला, तपकिरी रंगाला टेकवला आणि लंगड्या बगळ्याच्या पायाखाली एक कौल आणखी गडद केलं.

"हिरवं त्यांचं आहे, मास्तर," ती म्हणाली. "राहू दे त्यांच्याकडे. तपकिरी आपलं."